२० मार्च : दिनविशेषाच्या चौकटीत न मावणारा दिवस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका कोपऱ्यात रोज एक चौकट असते. 'दिनविशेष' असे तिचे नाव. कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, कोणता शोध, कोणते युद्ध, सगळे एका ओळीत एक असे बसवलेले असते. तिच्या शेजारी बहुधा 'जरा हटके' नावाची दुसरी चौकट असते. कोणी नखे वाढवली, कोणी मिशीने गाडी ओढली, अशा गमतीच्या बातम्या तिथे असतात. चहा संपेपर्यंत दोन्ही चौकटी वाचून होतात आणि वाचक पान उलटतो.

या चौकटी कोणाच्या अध्यातमध्यात नसतात, असे आपल्याला वाटते. परंतु तिथे काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे कोणीतरी ठरवतच असतो. ज्याच्या हाती लेखणी, त्याचा दिनविशेष! त्याच्या मनात समाजाची जी उतरंड असते तीच त्या चौकटीत उतरते. याचा पुरावा पाहिजे असेल तर वर्षातला एकच दिवस घ्या. २० मार्च.

या दिवशीच्या चौकटीत काय काय सापडते? जागतिक चिमणी दिन. आंतरराष्ट्रीय आनंद दिन. दिवस आणि रात्र समसमान, म्हणजे विषुवदिन. सर आयझॅक न्यूटन यांचा मृत्यू, १७२७. 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध, १८५२. इराकवर अमेरिकेचा हल्ला, २००३. जागा उरलीच तर शेवटी एक ओळ : महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९२७. आणि २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याबाबत दिलेला निकाल? तो बहुतेक चौकटींत नसतोच.

चिमणीपासून सुरुवात करू. जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची 'नेचर फॉरएव्हर सोसायटी' यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. शहरांतून चिमणी कमी होत चालली आहे, तेव्हा गच्चीवर, खिडकीत पाण्याचे भांडे ठेवा, असे आवाहन या दिवशी केले जाते. काम चांगले आहे. प्राणिमात्राविषयी करुणा ही तर तथागतांची शिकवण. चिमणीला पाणी ठेवणाऱ्या हातांबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या तारखेला हा देश चिमणीच्या तहानेची आठवण ठेवतो, त्याच तारखेला माणसाची तहान नाकारली गेली होती, हे तो का विसरतो? महाडच्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पाखरे चोच बुडवीत होती. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला!

इतिहास थोडक्यात पाहू, कारण एका ओळीच्या दिनविशेषाने त्याची हाडेच काढून घेतली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले झाल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. पण तीन वर्षांत एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे ओंजळभर पाणी मिळाले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे गावात, ते खुले असल्याचा ठराव दप्तरात आणि पाणी विकतचे!

२० मार्चला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने तळ्यापर्यंत चालत गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागून इतरांनी घेतले. थोड्याच वेळात गावात अफवा उठवली गेली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. जेवणाची पाने मातीत गेली, माणसे रक्तबंबाळ झाली. काहींना मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. प्रतिकार करण्याची ताकद आपल्या लोकांत होती; पण बाबासाहेबांनी त्यांना शांत ठेवले.

त्यानंतर जे झाले ते दिनविशेषाच्या विज्ञान विभागात जायला हवे होते. तळे 'बाटले' म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. १०८ घागरी पाणी उपसून टाकले आणि दूध, दही, शेण, गोमूत्राने भरलेली मडकी मंत्रघोषात तळ्यात बुडवली. ही गोष्ट १९२७ सालची आहे, हे लक्षात घ्या. पाण्यातून पटकी पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉक यांनी आपल्याच कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले होते. पाणी कशाने खराब होते, याचे उत्तर विज्ञानाने देऊन कितीतरी वर्षे उलटली होती. ते उत्तर होते मलमूत्र. आणि महाडच्या धर्ममार्तंडांनी पाणी शुद्ध करण्यासाठी काय ओतले? शेण आणि मूत्र! माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणारी व्यवस्था अन्यायकारक तर होतीच, पण ती अडाणीही होती.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. कागदाने दिलेला हक्क कागदानेच काढून घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर झाला, तेव्हा १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन करून विषमतेच्या मुळावरच घाव घातला.

तो दावा पुढे किती वर्षे चालला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? महाडच्या न्यायालयाने जून १९३१ मध्ये निकाल दिला, ठाण्याच्या अपील न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही ठिकाणी सवर्ण हरले. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते! 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या नावाने तो निकाल कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे. न्यायमूर्ती होते ब्रूमफिल्ड आणि वाडिया.

हे ब्रूमफिल्ड म्हणजे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. १८ मार्चच्या दिनविशेषात तो खटला असतो, शाळेच्या पुस्तकांत असतो. त्याच न्यायाधीशांनी १७ मार्चला आपल्याला न्याय दिला, तो मात्र एकाही चौकटीत दिसत नाही. न्यायाधीश तोच, महिना तोच. मग एक तारीख राष्ट्राची आणि दुसरी कोणाचीच नाही, असे का?

वकील म्हणून या निकालाची एक बाजू सांगितली पाहिजे. उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला तो माणसा-माणसांतील समतेच्या तत्त्वावर नव्हे. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर तो दिला. याचा अर्थ समजून घ्या. रूढीचे जुनेपण सिद्ध झाले असते, तर निकाल उलटाही जाऊ शकला असता! अन्याय पुरेसा जुना असेल तर तो कायदा ठरतो, असे तेव्हाचे न्यायशास्त्र होते. ज्या प्रतिवादीने दहा वर्षे हा दावा लढवला, तोच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये कायद्याच्या व्याख्येत 'रूढी' आणि 'परिपाठ' हे शब्द आहेत. मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तर तेही शून्यवत होतात. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ही कलमे वाचताना चवदार तळे डोळ्यांसमोर आले नाही, तर ती वाचलीच नाहीत असे समजावे.

आता विषुवदिनाकडे वळू. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो आणि दिवस-रात्र समान होतात, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्या दिवशीही ते अगदी समान नसतात. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो आणि वातावरणामुळे प्रकाशकिरण वाकतात. त्यामुळे आपल्या कोकणात त्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा मोठा असतो. बारा तासांहून सुमारे सात मिनिटे अधिक. पुस्तकातली समानता आणि मोजून पाहिलेली समानता यांत फरक असतो. निसर्गातला हा फरक सात मिनिटांचा आहे. समाजातला फरक मोजायला बसलो तर?

तारखासुद्धा माणसेच ठरवतात. न्यूटन २० मार्चला वारले ते इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. नव्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस ३१ मार्च येतो. आपल्या देशाच्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेचे वर्षही विषुवदिनाच्या लगोलग, म्हणजे २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. २२ मार्च १९५७ पासून ती लागू आहे. ज्या समितीने तिची शिफारस केली तिचे अध्यक्ष थोर शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा होते. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि त्यांतील मूलद्रव्यांची अवस्था उलगडणारे समीकरण त्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते. याच साहांना विद्यार्थीदशेत कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून अवहेलना सोसावी लागली होती. पंक्तीत ज्याला बाजूला बसवले, त्याने देशाचे वर्ष कधी सुरू व्हावे हे ठरवले. हा खरा दिनविशेष!

आनंद दिनाचेही पाहू. भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरवला. याच सुमारास दरवर्षी जगातील देशांच्या आनंदाची क्रमवारी जाहीर होते. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता. या पाहणीत लोकांना एक प्रश्न विचारतात : शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी आहे असे समजा, तुमचे आयुष्य आज कोणत्या पायरीवर आहे? प्रश्न साधा आहे, पण ज्या समाजात शिडीच नाही तिथे पायरी काय सांगणार? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला शिडी नाही. आनंद मोजणाऱ्यांच्या हे ध्यानात आलेले दिसत नाही.

आता २० मार्च २०१८. महाडला भीमसैनिकांचा जनसागर लोटला होता त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने 'डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात निकाल दिला. कायद्याचा गैरवापर होतो, असे कारण देऊन काही निर्देश दिले गेले. अटकपूर्व जामिनावर सरसकट बंदी राहणार नाही. लोकसेवकाला अटक करायची तर नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची आणि इतरांना अटक करायची तर वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची लेखी मंजुरी लागेल. आणि गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशी होऊ शकेल. वास्तविक अटकपूर्व जामीन नाकारणारे कलम १८ घटनात्मक आहे, असे याच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मध्य प्रदेशच्या रामकृष्ण बलोठिया प्रकरणात सांगितले होते.

कायदा पुस्तकात तसाच राहिला. त्याचे दात मात्र काढले गेले. २ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला, त्यात काही जणांचे प्राण गेले. कोणत्याही मोठ्या पक्षाने हाक दिली नसताना लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेला दुरुस्ती करून कलम १८-अ घालावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात अटकेच्या मंजुरीचे आणि प्राथमिक चौकशीचे निर्देश मागे घेतले आणि समतेसाठी या समाजाचा झगडा अजून संपलेला नाही, हे मान्य केले. १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले गेले. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर मात्र न्यायालय अटकपूर्व जामीन देऊ शकेल, असेही त्या निकालात सांगितले आहे.

अमेरिकेतही असेच घडले होते. 'अंकल टॉम्स केबिन'ने गुलामगिरीविरुद्ध जनमत पेटवले. १८६५ मध्ये गुलामगिरी संविधानाने रद्द झाली. क्रांतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १८७५ मध्ये खाणावळी, वाहने, नाट्यगृहे काळ्या लोकांना खुली करणारा कायदा झाला आणि १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तेच हक्क पुन्हा कायद्यात यायला १९६४ साल उजाडले. एक्याऐंशी वर्षे! आपण दोन वर्षांत आपला कायदा परत मिळवला, याचे श्रेय रस्त्यावर उतरलेल्या सामान्य माणसाला आहे. जागे राहिलो म्हणून वाचलो. हक्क एकदा मिळाला की कायमचा मिळाला, असे होत नाही. तो रोज राखावा लागतो.

आता शेजारच्या 'जरा हटके' चौकटीकडे या. २०१६ च्या दुष्काळात विदर्भातील एका गावात एका मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्या माणसाने रोजची मजुरी सांभाळून चाळीस दिवस एकट्याने खणून विहिरीला पाणी लावले. देशभर बातमी गाजली. जिद्दीची कहाणी, महाराष्ट्राचा दशरथ मांझी, असे मथळे आले. त्या माणसाच्या जिद्दीला आमचा मानाचा जयभीम. पण पाणी नाकारणाऱ्याचे काय झाले? गावात वैर नको म्हणून त्याने विहीरवाल्याचे नावसुद्धा सांगितले नाही. जातीवरून पाणी नाकारले गेले, हा खरा विषय होता. सामाईक पाण्याला मज्जाव करणे तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. गुन्ह्याच्या पानावर तपासायची बातमी गमतीच्या पानावर गेली आणि समाज टाळ्या वाजवून मोकळा झाला. अन्यायाची 'प्रेरणादायी कथा' केली की अन्याय करणारा आपोआप गायब होतो!

वाचक बंधू-भगिनींनो, २० मार्च २०२७ ही महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी. कमानी, भाषणे, पुष्पहार हे सगळे होत राहील, आणि व्हावेही. पण बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या परिषदेत स्पष्ट केले होते की, हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. तेव्हा या दिवशी आपापल्या गावात चार कामे करा. गावातील सार्वजनिक नळ, विहीर, टाकी खरोखर सर्वांना खुली आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. मज्जाव झाला तर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवा. 'आधी चौकशी करू' असे उत्तर मिळाले तर कलम १८-अ दाखवा आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे याची आठवण द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे, असे नियम १७ सांगतो. ती झाली का, याचा लेखी जाब मागा. आणि विहारात, अभ्यासिकेत मुलांना १७ मार्च १९३७ चा निकाल समजावून सांगा.

बोले ठरावाला महाडमध्ये खरा अर्थ आला तो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. चौकट छापणारे त्यांचे काम करतील. आपला दिनविशेष आपणच लिहिला पाहिजे, आणि तो शाईने लिहून भागणार नाही. गावच्या पाणवठ्यावर हक्क बजावूनच तो लिहावा लागेल. चिमणीसाठी भांडे जरूर भरून ठेवा. पण ज्या विहिरीवरून ते भरले, तिथे कोणाला अडवले जात नाही ना, एवढे बघून घ्या.

जयभीम!